डोंगरात टिकलेला शाफ्ट हायवेवर का कुरकुरतो?

नमस्कार. उंच केलेली गाडी घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकाच चालीवर असते. "अहो, हिनं कसले कसले खडक चढलेत. पण सरळ रस्त्यावर ऐंशीच्या पुढं नेली की सीटखाली मुंग्या येतात." त्यांना यात काहीतरी उलटं वाटतं. मला वाटत नाही. डोंगरात प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्याची ताकद पणाला लागते, हायवेवर त्याचा कोन. लो रेंजमध्ये, म्हणजे सावकाश चालायच्या गिअरमध्ये, खडक चढताना शाफ्ट इतका सावकाश फिरतो, की कोन कितीही वाकडा असला तरी गाडी चूक पोटात घालते. वेग वाढला की तीच चूक ती बोलून दाखवते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गाडी उंच झाली म्हणजे शाफ्टचा कोन बिघडलाच, असं नाही. नुसते मोठे टायर घातले तर अ‍ॅक्सल आणि चासी दोन्ही सारखेच वर जातात. बॉडी लिफ्टमध्ये फक्त बॉडी चासीवरून उचलली जाते, इंजिन-गिअरबॉक्स जागेवरच. कोन बिघडतो तो सस्पेन्शन लिफ्टमध्ये. तिथं ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर देणारी पेटी) वर जाते आणि अ‍ॅक्सल खाली राहतो. शाफ्ट एक मीटर लांब असेल तर १० सेंटिमीटरच्या लिफ्टनं त्याचा उतार साधारण पावणेसहा अंशांनी वाढतो. तोच शाफ्ट अर्धा मीटरचा असेल तर अकरा अंशांच्या वर. म्हणून आखूड व्हीलबेसच्या गाड्या आधी रडतात. पुढं-मागं इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर हा शाफ्ट वाचतो, कारण डिफरन्शिअल चासीलाच बांधलेलं असतं. मग तो सगळा ताण चाकांकडे जाणाऱ्या आखूड शाफ्टांवर आणि त्यांच्या रबरी बुटांवर येतो. तो विषय वेगळा.

आता इथं टेबलाकडे बघा. दोन दांडे, मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. दोन्ही एका रेषेत धरून फिरवतो. दोन्ही सारखे फिरतात. आता एक दांडा वाकवतो. मी या बाजूनं एकाच वेगानं फिरवतोय, पण पलीकडच्या टोकावर नजर ठेवा. पळतंय, रेंगाळतंय, पुन्हा पळतंय. एका फेऱ्यात दोनदा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असतो तो हा जॉइंट. त्याला कुणी कार्दानोचं नाव देतं, कुणी हुकचं. दोघेही काही शतकांपूर्वीचे, आणि खोड तेव्हापासून तीच.

आकडे घालून बघू. ३३ इंची टायर, ४.१० चं क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी जोडी; शाफ्टला जोडलेल्या पिनियनचे ४.१० फेरे, चाकाचा एक), ताशी १०० किलोमीटर. शाफ्ट मिनिटाला सुमारे २६०० फेरे मारतो. जॉइंटचा कोन ३ अंश असेल तर पलीकडचा वेग फेऱ्याफेऱ्यात जेमतेम सात फेऱ्यांच्या फरकानं वरखाली होतो. कोन १५ अंश केला की हाच फरक १८० फेऱ्यांवर जातो. कोन पाचपट, त्रास पंचवीसपट. आणि हे आठ तास चाललं तर शाफ्टचे साडेबारा लाख फेरे होतात, म्हणजे हिसके पंचवीस लाख.

मग कारखान्यातून आलेली गाडी गुळगुळीत कशी पळते? दोन जॉइंट एकमेकांची चूक खोडतात म्हणून. त्यासाठी अटी दोन. दोन्ही कोन सारखे हवेत, एका अंशाच्या आतबाहेर. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत हवेत. दुसरी अट मी स्वतः मोडून बसलोय. स्प्लाइनमधून, म्हणजे सरकत्या दातेरी जोडातून, शाफ्ट काढला, खूण केली नाही, आणि परत बसवताना एक-दोन दात चुकवले. मग दोन दिवस टायर बॅलन्स करत बसलो! तेव्हापासून नट सैल करण्याआधी पांढऱ्या पेंटची रेघ मारतो. बोल्टवरही तशीच रेघ मारा. प्रवासात थांबलात की खाली वाकून बघायचं: रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हललाय.

एक बारकावा मात्र राहतो. दोन जॉइंटनी एकमेकांची चूक खोडली, तरी मधला नळकांडा हिसके खातच राहतो. कोन सारखे पण मोठे असतील तर थरथर उरतेच. नेहमीच्या रस्त्याच्या वेगाला तीन अंशांच्या आत राहा, असं म्हणतात ते यासाठीच. उंच गाडीत ते जमत नाही, म्हणून ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन लावतात: दोन क्रॉस जवळजवळ, मध्ये सेंटरिंग बॉल. वरचा सगळा कोन हे दोघं वाटून घेतात. पण मग खालचा जॉइंट सरळ करावा लागतो, म्हणजे पिनियनचं तोंड शाफ्टच्या दिशेला फिरवावं लागतं. मागच्या अ‍ॅक्सलला पाटे असतील तर पिनियनचं तोंड एक-दोन अंश खालीच ठेवा. जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन आपोआप वर येतं. अगदी शून्यावर नेऊ नका. कोनच नसला तर क्रॉसच्या टोकांवरच्या वाटीतल्या सुया (बारीक बेअरिंग) जागच्या हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलला मात्र खरी पंचाईत. तिथं पिनियन वर फिरवलं की त्याच अ‍ॅक्सलवरचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागं झुकलेला कोन, कमी होतो. शाफ्ट शांत होतो, पण स्टिअरिंगची आपणहून सरळ यायची सवय मोडते आणि गाडी हायवेवर भरकटते. दोन्ही एकदम साधत नाहीत. मला विचाराल तर मी कॅस्टर वाचवीन. थोडी थरथर परवडली, शंभरच्या वेगात भरकटणारी गाडी नको.

हे कोन मोजायचे कधी? चाकं जमिनीवर असताना आणि सामान भरून. गॅरेजच्या लिफ्टवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप फुकट. प्रवासाला निघताना मागं पाण्याचे कॅन, तंबू, जादा टायर टाकता, मागची बाजू बसते, कोन बदलतो. रिकाम्या गाडीत जमलेलं गणित भरल्या गाडीत चुकतं, ते असं.

थरथर कुठली, हे पार्श्वभागालाही कळतं. हसू नका! ताशी शंभरला टायर सेकंदाला दहाएक धक्के देतो. ते स्टिअरिंगवर आणि सीटवर मोजता येतील इतके जाडेभरडे असतात. शाफ्ट बॅलन्समधून गेला असेल, म्हणजे चिखल चिकटलाय, नळकांडा चेपलाय किंवा वजनाची पट्टी उडालीय, तर सेकंदाला चाळीसच्या वर. आणि कोनाची चूक त्याच्या दुप्पट, म्हणजे थरथरीपेक्षा गुणगुण जास्त. पाय दाबला-सोडला की ही गुणगुण बदलते, कारण पिनियन हलतं. गिअर बदलूनही त्याच वेगाला तीच राहिली तर इंजिनला दोष देऊ नका.

हा जुना क्रॉस हातोहात पुढं पाठवतो. बोट फिरवून बघा. दांड्यावर उभ्या रेघा लागतील, सुयांच्या जाडीच्या. वाटीच्या तोंडाशी जी लाल पूड आहे, तो गंज आहे. ग्रीस संपलं की हे होतं. सुरुवातीला सावकाश चालताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते, मग गिअर टाकताना 'टक्' असा आवाज. चारही वाट्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस भरत राहा. तीनमधून आलं आणि चौथी कोरडी राहिली, तर तीच तुम्हाला रस्त्यात उभं करणार. आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर थांबून वाट्यांचं तापमान बघा. एक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर पुढं जाऊ नका. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर गाडी त्यावर उचलली जाऊ शकते.

बऱ्याच गाड्यांत पुढचा शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरतच असतो, कारण चाकं शाफ्टपासून सोडवणारे लॉकिंग हब नसतात. त्रास पुढचाच असेल तर लांबच्या प्रवासापुरता तो काढून मागं टाकायला हरकत नाही. फक्त ट्रान्सफर केसला फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायची चकती हवी. आत सरकून बसणारा स्लिप योक असेल तर त्या भोकातून तेल वाहून जाईल. कायम फोर-व्हील असणाऱ्या गाडीत मधलं डिफरन्शिअल लॉक करायला विसरलात तर गाडी जागची हलणार नाही.

मागचा शाफ्ट काढायची वेळ आली, तर गाडीखाली जाण्याआधी चाकांच्या पुढं-मागं दगड लावा. गिअर टाकलेला असला, 'पार्क'मध्ये असली, तरी शाफ्ट सुटला की मागची चाकं मोकळी. काही जुन्या फोर-बाय-फोरमध्ये तर हँडब्रेकचा ड्रमच ट्रान्सफर केसच्या मागं असतो, म्हणजे तोही गेला. मी शेवटचा बोल्ट काढला तेव्हा उतार इतका कमी होता की तो मला दिसलाच नव्हता. गाडीला दिसला.