सार्वत्रिक मंडळी आणि पंगतीचा प्रश्न

जय ख्रिस्त! आज पाळकसाहेब, फादर, सिस्टर्स, युवक संघाची मुलं सगळे एकाच हॉलमध्ये बसलेत हे बघून फार बरं वाटलं, त्यामुळे सरळ मुद्द्यावरच येतो. विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेतली श्रद्धेची कबुली, म्हणताना आपण ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’वर, म्हणजे जगभरच्या एका चर्चवर, विश्वास आहे असं म्हणतो आणि पुढच्या ओळीवर जातो. ती ओळ म्हणताना डोळ्यासमोर काय येतं? फारतर रोमचं मोठं चर्च, नाहीतर जगाचा नकाशा. मला वाटतं ही मंडळी एवढी लांब नाहीये, वेगळ्या जातीचा, वेगळ्या भाषेचा, वेगळ्या पद्धतीने प्रार्थना करणारा माणूस जिथे आपल्या शेजारी पंगतीला बसतो तिथे ती दिसते, आणि जिथे त्याला बसू देत नाहीत तिथे विश्वासांगीकार कितीही मोठ्याने म्हटला तरी ती दिसत नाही.

हे माझ्या मनाचं नाहीये, बायबलमधल्या अंत्युखिया शहराचं बघा. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा पडलं ते याच शहरात. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, 13 वा अध्याय काढा, तिथल्या मंडळीच्या पुढाऱ्यांची नावं दिलीत: बर्णबा हा कुप्र (सायप्रस) बेटावरचा लेवी वंशातला यहूदी, शिमोन ज्याला निग्र म्हणजे काळा म्हणायचे, लूक्य आफ्रिकेतल्या कुरेनेचा, मनाएन हा हेरोद राजाबरोबर लहानाचा मोठा झालेला, आणि शौल, म्हणजेच पौल, जो आधी ख्रिस्ती लोकांना पकडून नेत होता. अशी माणसं एकत्र प्रार्थना करत होती, म्हणजे घरी नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असेल विचार करा. आणि याच गावात भांडण पेटलं ते जेवणावरून. येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, लोकांबरोबर जेवत होता, मग यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा तो हळूहळू बाजूला सरकला, त्याचं बघून बाकीचे यहूदी सरकले, बर्णबासुद्धा वाहवत गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्राने काही शिकवण बदलली नव्हती हो, तो फक्त वेगळा जेवायला बसला, आणि पौलाला तेवढंच सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या, मुळावर येणारं वाटलं! मला हा उतारा वाचताना दरवेळी धक्का बसतो, कारण पंगती वेगळ्या करणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या जवळचं सांगतो. 29 नोव्हेंबर 1970, नागपूर. त्या दिवशी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपली सीएनआय, उभी राहिली. अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून झालेली युनायटेड चर्च होती, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी 1929 पासून चालू, म्हणजे चाळीस वर्षं! एवढा वेळ का लागला, तर एकीकडे बिशप मानणारे, दुसरीकडे बिशप नकोच म्हणणारे, आणि सगळ्यात अवघड गाठ बाप्तिस्म्याची, म्हणजे मंडळीत घेण्याच्या पाण्याच्या विधीची. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणार, बाप्टिस्ट म्हणणार की कळत्या वयात स्वतः कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्मा कसला. दोघांकडे वचनं आहेत, दोघांकडे त्यासाठी सोसलेले पूर्वज आहेत, मग करायचं काय? एकाने हरायचं असं ठरवलंच नाही. दोन्ही पद्धती मंडळीत राहतील असं ठरलं, आईबाप बाळाला बाप्तिस्मा देऊ शकतात किंवा बाळाचं समर्पण करून पुढे त्याने स्वतः कबुली देईपर्यंत थांबू शकतात. काहींना ही तडजोड वाटते, मला ती त्या चाळीस वर्षांची सगळ्यात मोठी कमाई वाटते, कारण दुसऱ्याची रीत मला पटत नसतानाही तो माझा भाऊ आहे हे तिथे कागदावर सही करून मान्य झालं.

सगळं गोड झालं असंही नाही. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी त्याच वर्षी ऐनवेळी बाहेर पडली, गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद पार सुप्रीम कोर्टात गेला. एक होणं कागदावर झालं तरी जमिनीच्या उताऱ्यावर होत नाही, हेही बघून ठेवा.

कॅथलिक भावाबहिणींना वाटेल हे प्रोटेस्टंटांचं चाललंय. पण तुमच्याकडेही सगळं एकसारखं कुठाय! एका पोपच्या खाली चोवीस स्वायत्त चर्चेस आहेत, प्रत्येकाची उपासनेची रीत, कायदे वेगळे. त्यातल्याच एका, केरळहून आलेल्या सिरो-मलबार चर्चच्या लोकांसाठी 1988 मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, म्हणजे मुंबईच्या एकाच उपनगरात दोन कॅथलिक धर्मप्रांतांची दोन चर्चेस असू शकतात, एकात मराठी, कोंकणी, इंग्रजी मिस्सा आणि दुसऱ्यात मलयाळम कुर्बाना (त्यांच्याकडे मिस्सालाच कुर्बाना म्हणतात), आणि दोन्ही पूर्ण कॅथलिक.

भाषा आणि रीत आपण सांभाळून घेतो हो, खरी अडचण जातीची आहे. डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांविषयी धोरण काढलं आणि त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतः लिहून कबूल केलं. त्यात म्हटलंय की देशातल्या साधारण 1 कोटी 90 लाख कॅथलिकांपैकी 1 कोटी 20 लाख दलित आहेत. म्हणजे बहुसंख्य! तरी पहिला दलित कार्डिनल, म्हणजे पोपनंतरच्या सर्वोच्च धर्मगुरूंपैकी एक, व्हायला 2022 उजाडलं, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. आपल्या प्रोटेस्टंटांनी यावर खूश व्हायचं कारण नाही, आपल्याकडे मुलामुलीचं लग्न जमवताना ‘मूळचे कुठले तुम्ही’ असं विचारतात तेव्हा गाव विचारत नसतात हे या हॉलमधल्या प्रत्येकाला माहितीये.

नगरला राहिलेले मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, त्यांची म्हणूनच मला फार आठवण येते. अभंग, ओव्या, कीर्तन त्यांनी आपल्या उपासनेत आणलं हे सगळ्यांना माहितीये, पण 1917 मध्ये मिशनमधून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यायचे. अनेकांना ते पटलं नाही, आणि 1919 ला तर ते गेलेच. तो प्रश्न मात्र अजून उघडाच आहे.

शेवटचं. आज इथे आपण एकत्र प्रार्थना केली, पण प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, एकत्र घेऊ शकत नाही, कॅथलिक नियमात ते बसत नाही आणि ती दुखरी गोष्ट मी झाकणार नाही, मिश्र लग्न झालेल्या घरांना तर ती दर रविवारी टोचते. धर्मगुरू त्यावर बोलत राहतील. पण लग्नाची बोलणी, दफनभूमीतली जागा आणि कमिटीतली खुर्ची यांना रोमची किंवा सिनडची (सीएनआयच्या सर्वोच्च सभेची) परवानगी लागत नाही, ती आपल्याच हातात आहेत. बाहेर जेवण मांडलंय, चला, आणि आपापल्या चर्चचा घोळका करून बसू नका.