ससा, कारवान आणि मोबाईलचा कॅमेरा

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा अडचणीचा आहे, सशामागं कुत्री सोडून त्याला धरायचा. सोलापूर, सांगली, लातूर, पलीकडं विजापूर-बागलकोट, या माळरानाच्या पट्ट्यातल्या लोकांना यात नवीन काहीच नाही, आणि पुण्या-मुंबईत बसून ऐकणाऱ्यांना वाटेल असलं आता कोण करतं. करतात हो. पूर्वी सुगी उरकली की दोन-तीन गडी कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची जोडी घेऊन माळावर जायचे, मिळाला तर मिळाला ससा, नाहीतर पाय दुखवून घरी. आता रात्री मोटरसायकली निघतात, बॅटरीचा झोत टाकायचा, चार-चार कुत्री सोडायची, मागं बसलेला पोरगा मोबाईल धरून शूटिंग करतो आणि सकाळी त्याला गाणं जोडून रील तयार. कान धरून वर उचललेला ससा, बाजूला जीभ बाहेर काढलेलं कुत्रं आणि खाली लिहिलेलं, नाद करायचा नाय.

मग ते कुणीतरी पुढं पाठवतं, वनखात्यापर्यंत पोचतं, गाडीचा नंबर नाहीतर गावाची कमान व्हिडिओत दिसतेच, गुन्हा दाखल होतो. मी स्वतः कारवान पाळतो त्यामुळं कुत्रेवाल्यांच्या बैठकीत बसणं होतं, तर अशी केस झाली की तिथं सगळे एकच बोलतात, व्हिडिओ टाकायला नको होता, एकामुळं सगळे बदनाम. केलं ते बरोबर की चूक हे कुणी काढतच नाही! म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितंय आणि आपली सगळी तक्रार अशी की या येड्यानं डोळे उघडले कशाला. मला हेच खटकतं आणि आज त्यावरच बोलायचंय.

आधी कायदा उरकून घेऊ, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात छोट्या शिकारीचे परवाने मिळायचे, पण १९९१ च्या दुरुस्तीनंतर ते संपलं. आपला रानातला ससा संरक्षित प्राणी आहे. आणि शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे बरं का, कायद्यातल्या व्याख्येत पकडणं, फासे लावणं, हाकणं आणि कुत्र्यांनी पाठलाग करणं हे सगळं येतं, नुसता प्रयत्न केला तरी येतं. त्यामुळं "साहेब, ससा निसटला की, मारला कुठं" याला काही अर्थ नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड पूर्वी पंचवीस हजारांपर्यंत होता तो २०२२ च्या दुरुस्तीनं एक लाखापर्यंत गेला. गाडी जप्त होते ती वेगळीच. सशाच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी म्हणतात, ते आता वकिलाच्या फीसाठी ठेवावी लागते.

कुत्र्याला मात्र दोष देऊ नका. कारवान किंवा मुधोळ म्हणा, हे वासावर चालणारं कुत्रं नाही, नजरेवर चालणारं आहे. लांब तोंड, खोल छाती, आवळलेलं पोट, समोर काही हललं की ते सुटतंच, शेकडो वर्षं माणसानंच त्याला तसं घडवलंय. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली, २००५ मध्ये टपाल खात्यानं तिकीट काढलं, पुढं लष्करानंही मुधोळ कुत्री ट्रेनिंगला घेतली. केवढा मान!

पण हा मान कुणाला मिळाला ते बघा. राजानं कुत्री सोडली तर तो शौक, त्याची वर्णनं कौतुकानं सांगायची. त्याच माळावर फासेपारध्यानं पोटासाठी फास लावला तर तो जन्मजात गुन्हेगार, इंग्रजांनी १८७१ मध्ये तसा कायदाच केला आणि तो १९५२ ला गेला तरी लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. आजही कुठं मेलेला ससा सापडला की पहिलं बोट पारध्यांच्या पालाकडं. रील टाकणाऱ्यांत भारी मोटरसायकलवाली, घरी पाच-दहा एकर ऊस असलेली पोरंही असतात, ती मात्र "नादिष्ट". शिकारीची इमेज ससा ठरवत नाही, कुत्र्याची साखळी कुणाच्या हातात आहे त्यावर ठरते.

इंग्लंडात हेच झालंय. तिथं लँकेशायरमध्ये ग्रेट ऑल्टकारला वॉटर्लू कप नावाची स्पर्धा १८३६ पासून व्हायची, मोठ्या रानसशामागं दोन ग्रेहाउंड सोडायचे, घोड्यावर बसलेला पंच गुण देणार, ससा पकडला याला नाही तर कुत्र्यानं सशाला किती वेळा वळायला लावलं याला जास्त गुण. म्हणून शौकीन म्हणायचे की ससा मारणं हा आमचा हेतूच नाही. हेतू नसेल हो, पण कुत्र्याला ते कोण सांगणार? शेवटी कुत्री सोडून शिकार करण्यावर बंदी घालणारा २००४ चा कायदा आला, २००५ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि त्याच महिन्यात शेवटचा कप झाला. गंमत अशी की त्या कायद्यानं कोल्हा वाचवला, मोठा रानससा वाचवला, पण बिळात राहणारा छोटा ससा आणि उंदीर यांना सूट, जमीनमालकाची परवानगी असेल तर खुशाल कुत्री सोडा. का, तर तो पिकाचा शत्रू, त्याला कोण विचारतो. मग स्कॉटलंडात रानसशामागं लागलेले लोक सापडले की म्हणायचे आम्ही छोट्याच्या मागं होतो, म्हणून तिथल्या २०२३ च्या कायद्यात छोटा ससाही घातला. आयर्लंडमध्ये अजून चालतं, फक्त १९९३ पासून कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधावी लागते. जाळी बांधली तरी तीस किलोचं कुत्रं धडकल्यावर सशाचं काय होत असेल ते सांगायला नको.

आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात नाहीतर नांगरटीत अंग टेकवून बसतो, पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात आणि उघड्यावर निपचित पडून राहतात, आई त्यांना पाजायला येते. ती रात्री झोतात सापडली तर पिल्लांचं संपलं, आणि ते रीलमध्ये दिसत नाही. "लांडगा पण खातोच की" असं मला ऐकवतात. खातो. पण लांडगा मोटरसायकल आणि एलईडी घेऊन येत नाही, उजेडात ससा जागच्या जागी थबकतो, त्याला धरण्यात कुत्र्याची काय मर्दुमकी? आणि माळावरचे ससे संपवले तर लांडगा उपाशी बसणार नाही, तो धनगराच्या वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या जाळीपाशीच येणार.

पोटासाठी धरणाऱ्याबद्दल मला राग येत नाही, कायदा त्यालाही लागू आहे हे खरं, पण त्याच्याशी बोलताना पोलीस नेण्याआधी रेशन आणि रोजगाराचं बोलायला हवं असं माझं मत. ज्याच्या घरी फ्रीजमध्ये चिकन आहे आणि तरी जो लाईकसाठी कुत्री सोडतो त्याला मात्र परंपरेचं नाव घ्यायचा काही अधिकार नाही.

बरं मग एवढ्या चपळ कुत्र्यानं करायचं काय, घरात बांधून ठेवायचं? पळवा की. जत्रेत शर्यती लागतात, पण तिथं काही जण बाजारातला पांढरा पाळीव ससा पुढं सोडतात, तो पाळीव असला तरी करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हाच आहे. अमेरिकेत ओवेन स्मिथ नावाच्या माणसानं यंत्रावर पळणारा खोटा ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यावर ट्रॅक सुरू केला. पुढं तिथं जुगार आणि कुत्र्यांचे हाल झाले तो वेगळा विषय, एक दिवस त्यावरही बोलू. पण दोरीला बांधलेलं फडकं आणि ते ओढणारी मोटर एवढं तर आपल्या कुठल्याही वायंडिंगवाल्याला जमेल. आमचं कुत्रं तर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यामागंही तसंच जीव तोडून पळतं, त्याला तेवढंच कळतं.

आणि तुमच्या फोनवर असा व्हिडिओ आला तर शिव्या घालत दहा ग्रुपला पाठवू नका, त्यानं त्या पोराचे व्ह्यूज वाढतात. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, गाव आणि वेळ सांगा. जत्रा कमिटीवर असाल तर शर्यतीच्या पत्रकावर जिवंत ससा चालणार नाही ही ओळ छापायला सांगा, बक्षिसाच्या रकमेच्या वर, खाली बारीक अक्षरात नको.