धुराडं नसलेलं जहाज: कोपनहेगनच्या बी अँड डब्ल्यू शिपयार्डची गोष्ट

स्क्रीनवरचं हे जहाज नीट बघा. 1912 सालचं आहे, चांगलं मोठं, महासागर ओलांडणारं, आणि त्याला धुराडंच नाही! तीन डोलकाठ्या तेवढ्या दिसतायत. इंजिनाचा धूर एका डोलकाठीतूनच वर सोडलेला. त्या काळी जहाज म्हटलं की कोळसा, वाफ आणि काळाकुट्ट धूर, त्यामुळे बंदरावरचे लोक याच्याकडे बघत राहायचे. नाव सेलँडिया, आणि हे बांधलं डेन्मार्कच्या बर्माइस्टर अँड वेन, म्हणजे बी अँड डब्ल्यू शिपयार्डने.

सुरुवात एका वर्कशॉपपासून झाली. 1843 मध्ये बाउमगार्टनने कोपनहेगनमध्ये ते काढलं, 1846 ला बर्माइस्टर पार्टनर झाला, 1865 ला विल्यम वेन नावाचा इंग्रज इंजिनियर आला, पुढे रेफ्शालेओन बेटावर मोठं यार्ड उभं राहिलं. वाफेची जहाजं बांधून यांचं उत्तम चाललं होतं. पण 1898 मध्ये इव्हार क्नुड्सन या इंजिनियरच्या पुढाकाराने कंपनीने रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाचं डेन्मार्कपुरतं लायसन्स घेतलं, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण ते इंजिन धड चालायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

जमिनीवर इंजिन एकाच दिशेने फिरलं तरी चालतं, जहाजाला मात्र मागेही जावं लागतं, धक्क्याला लागताना तर पटकन. मग इंजिनच उलटं फिरवता आलं पाहिजे, आणि बी अँड डब्ल्यूच्या लोकांनी ते जमवलं. ईस्ट एशियाटिक कंपनीने ऑर्डर दिली, आठ-आठ सिलेंडरची दोन इंजिनं बसली, प्रत्येकी 1,250 हॉर्सपॉवर, आणि फेब्रुवारी 1912 मध्ये सेलँडिया बँकॉकला निघालं. वाटेत लंडनला ब्रिटिश नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः ते बघायला आले. डिझेलवर चालणारी छोटी जहाजं आधीही होती, पण इतक्या लांबच्या सफरीला जाणारं एवढं मोठं जहाज नवीनच होतं.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बदल बॉयलरपाशी झाला. आपल्याकडे ज्यांना आगवाले म्हणायचे ना, जहाजाच्या पोटात, भयंकर उकाड्यात, दिवसरात्र फावड्याने कोळसा ओढणारे, ते काम इथे उरलंच नाही. तेल जहाजाच्या दुहेरी तळात मावलं, कोळशाची जागा मालाला मिळाली.

पुढे 1932 मध्ये यांनी कोपनहेगनच्या एका वीज केंद्रासाठी 22,500 हॉर्सपॉवरचं इंजिन बनवलं, तीसेक वर्षं जगातलं सगळ्यात मोठं डिझेल इंजिन! आज तिथे म्युझियम आहे. मग युद्ध आलं, जर्मनांनी देश ताब्यात घेतला, कारखान्याला त्यांच्यासाठी काम करावं लागलं, आणि म्हणून 27 जानेवारी 1943 ला ब्रिटिश मॉस्किटो विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. शेजारचा साखर कारखाना जळाला, साधी माणसं गेली. सेलँडियाही तोवर राहिलं नव्हतं, दुसऱ्या नावाने धावत असताना 1942 मध्ये जपानजवळ त्याचा शेवट झाला.

युद्धानंतर आधी जपान आणि मग कोरिया जहाजबांधणीत पुढे गेले, युरोपची यार्डं मागे पडत गेली. 1980 मध्ये इंजिनाचा धंदा जर्मनीच्या मॅन कंपनीने घेतला आणि 1996 मध्ये यार्डचं दिवाळं निघालं. पिढ्यानपिढ्या वेल्डर, फिटर इथे राबले होते. 2014 ची युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा इथल्याच एका अवाढव्य शेडमध्ये झाली.

इंजिनं मात्र चालूच राहिली. मर्चंट नेव्हीत असलेल्या कुठल्याही मराठी इंजिनियरला विचारा, मॅन बी अँड डब्ल्यू हे नाव त्याला पाठ असतं. डिझाइनचं काम अजून कोपनहेगनमध्येच होतं, आणि ती इंजिनं लायसन्सवर बनतात कुठे, तर कोरिया, चीन आणि जपानमध्ये, त्यातल्या जपानच्या मित्सुईने तर हे लायसन्स 1926 मध्येच घेतलं होतं.