रंगात पाणी किती, ब्रशात किती, हवेत किती

नमस्कार मंडळी. विषय मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या मूर्ती, रंगवण्याचा आहे, पण आज मी बोलणार आहे ते मुख्यतः पाण्याबद्दल. अठ्ठावीस मिलिमीटरच्या ऑर्क नावाच्या राक्षसाच्या मूर्तीवर जे जे बिघडतं, म्हणजे चेहऱ्यावर साचलेला जाड रंग, खडूसारखा भुरकट पोत, वॉशचे (खाचांत उतरून सावली देणाऱ्या पातळ रंगाचे) गोल डाग, वार्निशनंतर आलेला पांढरेपणा, त्यातलं बरंचसं पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे बिघडतं. छटा चुकली तर वरून दुसरा पातळ थर देऊन ती सुधारता येते. जाड थर मात्र एकदा वाळला की खालचं कोरीव काम बुजलं ते बुजलंच. मग मिनिएचर धुऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आपण वाचतो आणि पाहतो ती बहुतेक मार्गदर्शनं कुठे तयार झाली, तेही ध्यानात घ्या. मिनिएचर आणि त्यांचे रंग बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स ही कंपनी १९७९ साली इंग्लंडातल्या नेवार्क-ऑन-ट्रेंट इथे सुरू झाली, वॉरहॅमर हा युद्धखेळ १९८३ साली आला आणि गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा १९८७ साली. या छंदाची राजधानी आजही त्याच भागातलं नॉटिंगहॅम आहे. तिथला माणूस ‘वॉश अर्धा तास वाळू द्या’ असं लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे त्याची खोली आणि त्याची हवा असते. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. तिथे तोच वॉश दीड-दोन तासांनीही खाचांमध्ये ओला सापडतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तो तुम्ही ब्रश धुऊन येईपर्यंत वाळलेला असतो. म्हणून मिनिटं पाठ करण्यापेक्षा आत काय घडतं ते समजून घेतलेलं बरं.

ॲक्रिलिक रंगात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याचे कण, त्यांना चिकटवून ठेवणारं ॲक्रिलिक पॉलिमर आणि पाणी. पाणी उडालं की पॉलिमरचे कण जवळ येऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच एका थरावर दुसरा थर देता येतो. पाणी फार घातलं तर रंगद्रव्याच्या मानाने पॉलिमर विरळ होतं. असा रंग उंचवट्यांवरून निसटून खाचांत जातो आणि वाळल्यावर भुरकट, कमकुवत दिसतो. खूप पातळ रंग हवा असेल, तर निम्मं पाणी आणि निम्मं ॲक्रिलिक मॅट मीडियम घाला. मीडियम म्हणजे रंगद्रव्याशिवायचं पॉलिमरच, त्यामुळे रंग पातळ होतो पण चिकटपणा टिकतो. २०१९ साली आलेल्या सिटाडेलच्या कॉन्ट्रास्ट रंगांना (एकाच थरात रंग आणि सावली दोन्ही देणाऱ्या) तर साधं पाणी घालूच नका, त्यांचंच मीडियम वापरा. पाण्याने त्यांचे ठिपके-ठिपके पडतात.

‘दुधाइतका पातळ करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण दूध काही मोजता येत नाही. त्यापेक्षा अंगठ्याचं नख वापरा. ब्रश भरा, टिपकागदावर एकदा टेकवा आणि नखावर एक रेघ ओढा. रेघेत ब्रशाच्या केसांचे ओरखडे उमटले तर रंग जाड आहे. रेघ नखाच्या कडेला पळाली तर पातळ आहे, किंवा ब्रश जास्त भरलाय. रेघ जागच्या जागी राहिली आणि तिच्यातून नख किंचित दिसलं, की बरोबर. नेहमीच्या थरासाठी व्हायेहो या कंपनीच्या बाटलीतल्या रंगाच्या एका थेंबाला पाण्याचा एक थेंब, इथून सुरुवात करा. सिटाडेलच्या डबीतला रंग मोजायला थेंब नसतो, म्हणून तो जुन्या ब्रशाने पॅलेटवर काढा आणि तिथेच पाणी मिसळा. डबीत ब्रश बुडवून थेट मिनिएचरवर लावणं, हे चेहरे बुजण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

त्याआधीचं काम थोडक्यात सांगतो. प्लास्टिकवरच्या साच्याच्या रेघा कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडा, धारेने कापू नका. रेझिनचे भाग भांडी घासायच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यांच्यावर उरलेला असतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. रेझिन घासायचं तर पाण्याखाली घासा आणि तोंडाला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

प्रायमरपाशी मात्र थांबायला हवं, कारण इथे हवेतलं पाणी आडवं येतं. स्प्रेमधलं द्रावक भराभर उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरतं, प्रायमर पांढुरका पडतो आणि नीट चिकटत नाही. उलट फार उष्ण, कोरड्या हवेत किंवा फार लांबून मारला, तर थेंब वाटेतच वाळतात आणि मिनिएचरवर वाळूसारखी खरखर बसते. म्हणून डबा दोन मिनिटं चांगला हलवा, वीस ते तीस सेंटिमीटरवरून मारा, फवारा मिनिएचरच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन उडते थर द्या. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रेचा हट्ट सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रशाने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर घ्या, त्यात पाणी घालू नका, पातळ पसरवा आणि चोवीस तास हात लावू नका. वरून वाळल्यासारखा दिसला तरी तो आत मऊ असतो आणि नखाने सालासारखा निघून येतो.

आता ब्रश. नवीन माणूस बारीक कामासाठी सगळ्यात बारीक ब्रश घेतो, तीन शून्यांचा. त्याचं पोट इतकं लहान असतं की रंग डोळ्याच्या बाहुलीपर्यंत पोहोचायच्या आत टोकावर वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक चांगलं असलेला ब्रश घ्या. रेघ किती बारीक येणार हे टोक ठरवतं आणि रंग किती वेळ ओला राहणार हे पोट ठरवतं. केसांच्या अर्ध्यापेक्षा वर रंग चढू देऊ नका. तो पत्र्याच्या टोपणात शिरला की तिथे वाळतो, केस फाकतात आणि मग कुठलाही साबण टोक परत आणत नाही. ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायला) आणि मेटॅलिक रंगांना जुने, वेगळे ब्रश ठेवा. मेटॅलिकचं पाणीही वेगळं ठेवा, नाहीतर त्यातली चकाकी पुढच्या झग्यावर उतरते. ब्रशाचं टोक जिभेवर करण्याची सवय असेल तर ती सोडा. काही रंगद्रव्यं पोटात जाण्यासारखी नसतात.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारं पॅलेट, विकत घेतलंच पाहिजे असं नाही. घट्ट झाकणाचा चपटा डबा, तळाला किचन टॉवेलच्या चार-पाच घड्या, त्या भिजतील पण वर पाणी तरंगणार नाही इतकं पाणी आणि वर बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून दोन-तीन वेगळेच कागद मिळतात. स्टेशनरीतला भिजून गोळा होतो आणि मेणाचा पाणी वर येऊच देत नाही. केक भाजताना वापरतात तोच मागा. पावसाळ्यात टॉवेल दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी येते आणि रंगालाही वास धरतो. याच हवेत पॅलेटवरचा रंग आपोआप पातळ होत जातो, म्हणून काम थांबवून परत बसाल तेव्हा नखाची परीक्षा पुन्हा घ्या. मेटॅलिक रंग मात्र साध्या टाइलवरच घ्या. ओल्या कागदावर त्यातले चमकणारे कण सुटून पसरतात.

एक लाल झगा घेऊ. आधी गडद, तपकिरीकडे झुकणाऱ्या लालचे दोन थर. लाल आणि पिवळ्या रंगांची झाकण्याची ताकद कमी असते, काळ्यावर थेट दिले तर पाच थरांनीही समाधान होत नाही. मग उंच घड्यांवर मधला लाल. आता या दोघांतली कडक सीमारेषा घालवायची. मधल्या लालच्या एका थेंबाला पाच-सहा थेंब पाणी आणि मीडियम, ब्रश भरल्यावर टिपकागदावर जवळजवळ रिकामा होईपर्यंत टिपा आणि सावलीकडून उजेडाकडे ओढा. ब्रश जिथे उचलता तिथे सगळ्यात जास्त रंग उतरतो, म्हणून तो घडीच्या माथ्यावर उचला. उलट दिशेने ओढलात तर सावलीत लाल डबकं साचतं. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. अर्धवट वाळलेल्या थरावर ओला ब्रश फिरवला तर खालचा पापुद्रा फाटतो आणि मध्येच उघडं भोक दिसतं. तसं झालं तर हात थांबवा, पूर्ण वाळू द्या आणि मग ती जागा भरा. ओल्यावरच दुरुस्ती करू पाहिली की भोक मोठं होत जातं.

वॉशचे डागही असमान वाळण्यामुळेच पडतात. साचलेल्या थेंबाची कड मधल्या भागापेक्षा आधी वाळते, आतलं पाणी कडेकडे धावतं आणि सोबत रंगद्रव्य नेतं. वाळल्यावर कडेला गडद कडं राहतं. उपाय सोपा आहे: वॉश लावल्यावर मिनिटाभरात स्वच्छ, ओलसर ब्रशाने सपाट जागांवरची तळी टिपून घ्या. पाठ, ढाल, गुडघ्यावरची चिलखतं, इथे नजर ठेवा.

एकमेकांना टिप्स देताना फक्त बाटलीचं नाव सांगून भागत नाही. सिटाडेलने २०१२ मध्ये रंगांची नावंच बदलली, केऑस ब्लॅकच्या जागी ॲबॅडन ब्लॅक आला. २०२२ मध्ये तर न्युल्न ऑइल आणि ॲग्रॅक्स अर्थशेड या वॉशची नावं तीच ठेवून घटक बदलले. त्यामुळे जुन्या व्हिडिओत वॉश सपाट जागा जितकी काळवंडतो, तितकी नव्या डबीने काळवंडत नाही. म्हणून सांगताना खालच्या थराचा रंग, पाण्याचं प्रमाण, ब्रशाचा नंबर, डबी जुनी की नवी आणि खोलीत एसी चालू होता का, एवढं सांगा. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ आणि साध्या करड्या कागदावर घ्या. मदत मागणाऱ्याने तर बिघडलेल्या जागेचाच जवळून फोटो द्यावा. खरखर आहे की भुरकटपणा, हे त्यावरूनच कळतं आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

शेवटी मॅट वार्निश. त्यातला चमक मारणारा घटक तळाशी बसतो. बाटली नीट हलवली नाही, तर आधी चकाकी येते आणि बाटली संपत आली की पांढरी पावडर. जाड लावलं तर खाचांत दूध साचल्यासारखं होतं. दमट दिवशी स्प्रेच्या वार्निशचंही प्रायमरसारखंच होतं. असं झालं तर घाबरून मिनिएचर धुऊ नका. ब्रशाने ग्लॉस वार्निशचा एक पातळ थर द्या. बहुतेक वेळा पांढरेपणा जातो, कारण खरखरीत पृष्ठभागाच्या फटी भरतात आणि उजेड विखुरणं थांबतं. तो चोवीस तास वाळू द्या, मग कोरड्या दिवशी मॅटचा एकच उडता थर. त्यानेही गेलं नाही, तर प्लास्टिकचं मिनिएचर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने रंग काढा. ॲसिटोनला हात लावू नका, त्यात पॉलिस्टायरीन विरघळतं. रेझिनचं असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी कापसाने अल्कोहोल लावून बघा, कारण काही रेझिन त्यात मऊ पडतात.