२७ मिनिटांची शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

२३ सप्टेंबर १९७६ची रात्र. फिलाडेल्फियातल्या एका नाट्यगृहात अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांना आव्हान देणारे जिमी कार्टर यांची वादचर्चा चालू होती. कोट्यवधी लोक टीव्हीसमोर बसले होते. कार्यक्रम संपत आला आणि ध्वनियंत्रणेत बिघाड होऊन आवाज गेला. चित्र मात्र चालूच राहिलं. तब्बल २७ मिनिटं ते दोघं आपापल्या पोडियममागे उभे राहिले. दोघांमधलं अंतर काही पावलांचं. कुणीही दुसऱ्याकडे वळून चार शब्द बोललं नाही. सहज काही बोलावं आणि कॅमेऱ्यात ते भलतंच दिसावं, याची धास्ती दोघांनाही होती असं मला वाटतं.

पक्षनेत्यांच्या टीव्हीवरच्या चर्चा पाहण्यात वेळ घालवावा का, असं मला कुणी विचारलं की ती २७ मिनिटं आठवतात. त्यांत दिसत होतं सगळं. कळत नव्हतं काहीच.

तरीही माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. पाहाव्यात. पण ऐकण्यासाठी पाहाव्यात, आणि त्या पूर्ण ऐकाव्यात. हे मी रेडिओवरून सांगते आहे म्हणून कुणाला पक्षपाती वाटेल, तर थोडं सविस्तर सांगू द्या.

या विषयावर बोलताना १९६०चा दाखला हटकून दिला जातो. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली चर्चा २६ सप्टेंबरला शिकागोत झाली. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते, वजन उतरलं होतं, चेहऱ्यावर थकवा होता. केनेडी गडद सुटात ताजेतवाने दिसत होते. ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. रेडिओवाल्यांना ती अर्थातच आवडते. पण ज्या पाहणीच्या आधारे ती सांगतात, तिच्यात रेडिओ ऐकणारे फार थोडे होते, आणि ते मुळातच निक्सन यांच्याकडे झुकलेले असण्याची शक्यता अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. म्हणून मी या गोष्टीवर भिस्त ठेवत नाही. कान शहाणा आणि डोळा खुळा, इतकं ते सोपं नाही.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रानं, म्हणजे तर्काच्या शास्त्रानं, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय हे शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. त्यात समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ काढणं वगैरे क्लृप्त्या चालतात. असा वेगळा अर्थ काढण्याला शास्त्रात ‘छल’ असं नाव आहे. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडून काढायची, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण भांडकुदळ माणसाबद्दल सैलपणे वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ नेमका आहे. निवडणुकीच्या तोंडावर होणारी चर्चा हा जल्पच असतो. तिथे कुणी स्वतःचं मत बदलायला आलेलं नसतं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझी तक्रार वितंडेबद्दल आहे. समोरचा किती नालायक आहे हे तासभर ऐकून उठावं आणि हा स्वतः काय करणार, त्याचा पत्ता नाही!

याच शास्त्रात ‘निग्रहस्थान’ अशी एक संज्ञा आहे. जिथे बोलणारा हरला असं मानायचं, ती जागा. अशी एक खरीखुरी जागा २५ जुलै १९८४ला कॅनडातल्या चर्चेत दिसली. पंतप्रधान जॉन टर्नर यांना पद मिळून महिनाही उलटला नव्हता. आधीचे पंतप्रधान पिएर ट्रुडो जाता जाता आपल्या माणसांच्या वर्णी लावण्याचं काम टर्नर यांच्या गळ्यात टाकून गेले होते आणि टर्नर यांनी त्या नेमणुका केल्याही. विशेष म्हणजे वशिल्याचा हा विषय चर्चेत टर्नर यांनीच काढला, प्रतिस्पर्धी ब्रायन मलरोनी यांना टोचण्यासाठी. डाव उलटला. मलरोनी यांनी नेमणुकांबद्दल जाब विचारला. टर्नर म्हणाले, माझ्यापुढे पर्याय नव्हता. पर्याय होता, मलरोनी म्हणाले. मी हे करणार नाही, असं तुम्हाला म्हणता आलं असतं. टर्नर यांनी पुन्हा तेच सांगितलं, पर्याय नव्हता. सप्टेंबरच्या निवडणुकीत मलरोनी यांच्या पक्षाला २८२पैकी २११ जागा मिळाल्या. एवढा मोठा पराभव एका वाक्यानं झाला असं मी म्हणणार नाही. लोक आधीच कंटाळलेले होते. पण सत्तेवरचा माणूस अवघड क्षणी स्वतःला किती मोकळा समजतो आणि किती बांधलेला, हे त्या दोन मिनिटांत देशानं त्याच्याच तोंडून ऐकलं. जाहीरनाम्यात हे छापलेलं नसतं, सभेतही कळत नाही. सभेत उलट विचारणारं कुणी नसतंच.

आता पुन्हा फोर्ड यांच्याकडे येते. ६ ऑक्टोबर १९७६च्या दुसऱ्या चर्चेत ते म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. तेव्हा पोलंडमध्ये, हंगेरीत, पूर्व जर्मनीत सोव्हिएत फौजा होत्या. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचा कानांवर विश्वास बसेना. त्यानं वाक्य सुधारायची संधी दिली, तरी फोर्ड आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. गंमत पुढे आहे. त्याच रात्री फोनवरून घेतलेल्या कौलांत अनेक प्रेक्षकांना फोर्डच सरस वाटले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आणि बातम्या त्या एका वाक्यानं भरून गेल्या आणि कौल फिरला.

यावर मी बराच विचार केला आहे. बातमीदारांचं चुकलं नव्हतं. चूक होती आणि ती त्यांनी दाखवली. मला सलतं ते हे, की लाखो लोकांनी ते वाक्य स्वतः ऐकलं, आणि ते तसंच डोक्यावरून गेलं. मग दुसऱ्यांनी सांगितल्यावर मत बनलं. म्हणून मी चर्चेआधी एकच विषय निवडते, जो मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. पाणी असेल, शाळा असेल, औषधांचा खर्च असेल. त्यावरचा प्रश्न आला की कागद पुढे ओढते आणि दोनच गोष्टी लिहिते: विचारलं काय आणि उत्तर काय आलं. बाकीच्या विषयांवर कुणी मला सहज फसवू शकेल. या एकावर प्रश्नाला बगल दिली की लगेच कळतं. आणि चर्चा संपताच टीव्ही बंद. कोण जिंकलं हे सांगणारी मंडळी मागोमाग येऊन बसतात, त्यांचं मी दुसऱ्या दिवशी ऐकते.

चर्चेचे नियमही लक्षपूर्वक पाहावेत. ब्रिटनमध्ये पक्षनेत्यांची पहिली टीव्ही चर्चा २०१०मध्ये झाली. तिचे ७६ नियम पक्षांनी आणि वाहिन्यांनी आधी ठरवून घेतले होते. अमेरिकेत २०२०च्या पहिल्या चर्चेत एकमेकांचं बोलणं इतकं तोडलं गेलं, की पुढच्या चर्चेत काही वेळ मायक्रोफोन बंद ठेवावे लागले. नेत्यांना समोरच्याचं ऐकून घेता येत नाही म्हणून यंत्राला ते काम द्यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

चांगला बोलणारा चांगला राज्य करेल कशावरून, हा आक्षेप मला मान्य आहे. राज्य चालवणं म्हणजे पुष्कळसं वाचणं, थांबणं, चार शहाण्यांना विचारणं. ते चर्चेतल्या एका उत्तराच्या दीड मिनिटात दाखवता येत नाही. पण मग दीड मिनिटच का द्यायचं?

१७ मे १९४८ला अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून एक चर्चा रेडिओवरून प्रसारित झाली. थॉमस ड्यूई आणि हॅरल्ड स्टॅसन, दोघं एकाच पक्षाचे, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणारे. तासभर आणि प्रश्न एकच: कम्युनिस्ट पक्षावर कायद्यानं बंदी घालावी का? प्रत्येकाला मांडणीसाठी २० मिनिटं आणि उत्तरासाठी साडेआठ. स्टॅसन यांनी बंदी मागितली. ड्यूई एकेकाळचे सरकारी वकील. तेव्हाच्या वातावरणात टाळ्या मिळवायच्या तर बंदीला होकार देणं सोपं होतं. त्यांनी नकार दिला, आणि विचारांसाठी माणसांना बेकायदा ठरवू नये हे कारणं देत, सावकाश समजावून सांगितलं. चार दिवसांनी उमेदवारीसाठीचं ओरेगनमधलं पक्षांतर्गत मतदान ड्यूईंनी जिंकलं. दोघांचे चेहरे ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते.