सावलीचा रंग आणि एक मृत्युपत्र

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘दृक्प्रत्ययवादी चित्रशैली’, म्हणजे इम्प्रेशनिझम. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक तक्रार. इम्प्रेशनिस्टांची गोष्ट आपल्याकडे एकाच चालीवर सांगतात. १८७४ सालचं पॅरिस, छायाचित्रकार नादारचा जुना स्टुडिओ, चित्रकार मोनेचं धुक्यातलं बंदर, लुई लरुआ या टीकाकाराने त्या चित्राच्या नावातल्या ‘इम्प्रेशन’ या शब्दावरून केलेली टिंगल, पुढे हलाखी आणि शेवटी अमरत्व. प्रदर्शन म्हटलं की जागेचं भाडं आलं, चौकटी आल्या, जाहिरात आली. ते कोणी भरलं, हे कोणी विचारत नाही. इथे मागच्या रांगेत आपले कार्यकर्ते बसलेत, त्यांना विचारा वर्गणीचं दुःख! (हशा)

तर त्या मंडळींचा वर्गणीदार होता गुस्ताव्ह कायबॉत. वडिलांचा व्यवसाय लष्कराला चादरी-कांबळी पुरवायचा. ते गेले आणि या मुलाला पोटाची चिंता उरली नाही. हा गडी शर्यतीच्या होड्यांचे आराखडे करायचा, बाग फुलवायचा, भावाबरोबर पोस्टाची तिकिटं जमवायचा आणि चित्रंही काढायचा. लाकडी जमीन तासणाऱ्या उघड्या अंगाच्या कामगारांचं त्याचं चित्र १८७५च्या सलोंने, म्हणजे सरकारी कलाप्रदर्शनाने, परत पाठवलं. हा सरळ या बंडखोरांत जाऊन बसला. १८७७च्या प्रदर्शनाची जागा त्याने मिळवली, पैसे त्याने घातले. मोनेला पॅरिसचं सँ-लाझार स्टेशन रंगवायचं होतं, तर जवळच्या खोलीचं भाडं यानेच भरलं. शिवाय मित्रांची चित्रं विकत घ्यायची, आणि एद्गार दगा या गटातल्याच चित्रकाराशी भांडायचंही. दगाशी सगळेच भांडत, ते सोडा.

आता खरी गंमत. १८७६ साली, वय अवघं २८, धाकटा भाऊ नुकताच वारलेला, आणि या माणसाने मृत्युपत्र केलं. आपला संग्रह सरकारला द्यायचा. मात्र तो माळ्यावर टाकायचा नाही, बाहेरगावच्या संग्रहालयात धाडायचा नाही. आधी पॅरिसमधलंच लुक्झेंबर्ग संग्रहालय, नंतर लूव्र. त्याचं म्हणणं, लोकांना ही चित्रं समजतील असं नाही, निदान चालवून घेतील. त्याला वीसेक वर्षं लागली तर लागोत, तोवर घरच्यांनी सांभाळावीत. अंमलबजावणीला कोण, तर चित्रकार मित्र रन्वार.

१८९४मध्ये कायबॉत गेला आणि रन्वार बिचारा सरकारी कचेऱ्यांत अडकला. तुमच्यापैकी ज्यांनी वारसनोंदीसाठी खेटे घातलेत, त्यांना मी काय वेगळं सांगू? संग्रहात रन्वारचं ‘मुलँ द ला गालेत’ होतं, मोनेचं सँ-लाझार होतं, मानेचं ‘बाल्कनी’ होतं. (एदुआर माने. कोल्हापूरकडचे नव्हेत.) जेरोम हे कला-अकादमीतलं बडं प्रस्थ. ते कडाडले की असली घाण सरकार घेणार असेल तर देशाची नीतिमत्ताच ढासळली म्हणायची. दोनेक वर्षं घासाघीस झाली. पासष्टच्या वर चित्रं होती, त्यातली ४०च्या आसपास सरकारने पदरात घेतली, बाकीची फुकट मिळत असूनही नाकारली. पुढे सरकारला जाग आली तेव्हा कुटुंबाने नकार दिला. आता पॅरिसला गेलात की ऑर्से संग्रहालयात तिकीट काढून जी चित्रं बघता, त्यातली कितीतरी या भांडणातून वाचलेली आहेत.

चिठ्ठी आली. “पाच मिनिटे.” शैली राहिलीच की!

तर शैली. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत शव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तिथे ओरड होती. शव्रलनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा पडेल दिसायचा. १८३९मध्ये त्यांनी यावर ग्रंथच काढला. शेजार बदलला की रंग बदलतो, आणि उजेड बदलला तरी बदलतो. साडी दुकानाच्या दारात नेऊन बघणाऱ्या बायकांना हे शव्रलशिवाय ठाऊक असतं.

मोनेचं ‘मॅग्पाय’ बघा. बर्फाच्छादित अंगण, कुंपण, एक पक्षी. कुंपणाची सावली काळी किंवा तपकिरी नाही, निळी आहे. ऊन पिवळसर, मग सावलीत आकाशाचा निळा उतरणारच. १८६९च्या सलोंने हेही नाकारलं. रंग तबकडीवर घोटून एकजीव करायचे नाहीत, शुद्ध रंगांचे तुटक फटकारे शेजारी-शेजारी ठेवायचे, लांबून बघणाऱ्याच्या डोळ्याने ते जुळवावेत. हे उघड्यावर बसून करता आलं, कारण १८४१पासून कथलाच्या नळीतला रंग निघाला होता. आणि भरभर करावं लागलं, कारण ऊन थांबत नाही. म्हणून तर मोनेने गवताच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. १८९१मध्ये त्यातल्या १५ एकत्र मांडल्या. विषय गंजी नव्हे, त्यांवरचा उजेड.

या कसोटीला कायबॉत अर्धाच उतरतो. जमीन तासणाऱ्यांच्या त्या चित्रात फळ्यांच्या रेघा पट्टीने ओढल्यासारख्या, कामगारांच्या पाठी अकादमीच्या शिस्तीतल्या. पण खिडकीतून आलेला उजेड ओल्या लाकडावर जिथे पांढरट-निळा होतो, तेवढ्या भागात तो मोनेचा सख्खा भाऊ आहे. ते चित्रही आज ऑर्सेतच आहे. मृत्युपत्रात त्याने स्वतःचं एकही चित्र घातलं नव्हतं. हे वारसांनी रन्वारमार्फत सरकारला दिलं. अध्यक्ष घड्याळ बघतायत, थांबतो.