मानशीची फळी

[रायबंदर धक्का. सकाळ. ओहोटी लागलेली.]

गोव्यात रायबंदरहून मांडवीतल्या चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत खारफुटीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, रात्रपाळी करून डोळे चोळत घरी निघालेली माणसं. पर्यटक पलीकडे उतरतात, सलीम अली पक्षी अभयारण्याची पाटी वाचतात, खंड्याचे चार फोटो काढतात आणि पुढच्या बोटीने परततात. 178 हेक्टरांचं हे रान बघण्यासारखं आहेच. पण आज आपल्याला जायचंय त्याच्या पाठीमागे, बांधावर.

[मानस. पाणी पडण्याचा आवाज.]

ही मानस. नदीच्या बांधातलं दार. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची भिंत, मध्ये टांगलेली लाकडाची जाड फळी. भरतीचं पाणी चढलं की ते फळीला बाहेरून रेटतं आणि दार गच्च मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा जोर वाढतो, फळी सुटते आणि शेतातलं पावसाचं पाणी नदीत निघून जातं. ना मोटर, ना वीज.

गोव्यात भातशेतीचे तीन प्रकार ओळखतात: मोरड, केर आणि खाजन. मोरड उंचावरची, केर रेताड, आणि खाजन ही नदीकाठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन. जवळजवळ 18 हजार हेक्टर. मांडवीला भरती जाणवते ती थेट गांज्यापर्यंत, समुद्रापासून सुमारे 50 किलोमीटर आत. एवढ्या काठाला बांध घातले कुणी? गावकरीने, म्हणजे जमीन सामायिक सांभाळणाऱ्या गावाच्या जुन्या संस्थेने. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. माती, चिरे, पेंढा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची डागडुजी.

मृगाचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग कोरगुट पेरतात. थोडंफार खारट पाणी सोसणारं हे भात. आमच्या आजीला दुसऱ्या तांदळाची पेज चालत नसे. उकड्या कोरगुटाची लालसर पेज, बाजूला चेपणीचं एक तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, जेवण झालं. त्या पेजेची चव मिठाची की मातीची, हे मला अजून सांगता येत नाही.

कापणीनंतर भात आणि मासे यांची पाळी बदलते. आतल्या पोंयीत, म्हणजे बांधाआडच्या खोलगट पाण्यात, शेवटे, काळुंदर हे मासे, सुंगटे म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे. मानशीत जाळं लावून मासे धरण्याच्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव. आणि खरी मेख इथेच आहे. शेतकऱ्याला खारं पाणी बाहेर हवं, मासे धरणाऱ्याला आत. जोवर दोन्हींचा हिशेब गावकरीच्या एकाच वहीत होता, तोवर ओढाताण आटोक्यात राहिली. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली. कायदा कुळांच्या हिताचा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण बांधाची वही आणि पावणीची वही वेगळी झाली की काय होतं, ते या फळीला विचारा. मासळीच्या पैशासाठी ती भलत्या वेळी उघडी राहते. एकदा शेतात खारं पाणी मुरलं की ते धुवून काढायला एक पावसाळा पुरत नाही.

[पडीक खाजन. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, जवळून.]

हा मोकळा दिसणारा तुकडा कधीकाळचं शेत. बोटभर उंचीच्या ह्या काळ्या काड्या म्हणजे तिवराची श्वासमुळं. शेत पडीक पडलं, खारं पाणी आलं, बिया तरंगत आल्या आणि रुजल्या.

आता वरून बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत 1989 साली गोव्याची खारफुटी 3 चौरस किलोमीटर होती, 2021 च्या अहवालात 27. काही वाढ उपग्रहांची नजर बारीक झाल्याची, काही खरोखर झाडांची. बातमीत हे चांगलंच दिसतं आणि बऱ्याच अर्थांनी ते चांगलंच आहे. खारफुटीचा चिखल कार्बन साठवतो, मुळांत माशांची पिल्लं वाढतात, लाटांचा मार कमी होतो. पण नकाशावरच्या हिरव्या ठिपक्याखाली किती बांध फुटले, किती पेजा बंद झाल्या, हे उपग्रहाला दिसत नाही. आणि झाडं एकदा उभी राहिली की तीही संरक्षित, शेतकरी हात लावू शकत नाही. गंमत अशी, की 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनांच्या रक्षणाचीही खास तरतूद आहे. एकाच जमिनीला दोन संरक्षणं, आणि ती एकमेकांच्या पायात येतात.

अलीकडचं संशोधन नेमकं इथे येऊन पोचलंय. 2018 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या शास्त्रज्ञांनी मांडलं की निसर्गाचं माणसाला होणारं देणं फक्त सेवा आणि किमतीत मोजू नका, स्थानिक ज्ञान आणि संस्कृतीही त्यात धरा. खाजनाला लावून बघितलं, तर ते ज्ञान म्हणजे फळी कधी सोडायची आणि कधी मिटायची.

घाई का? कारण बांधाबाहेरचं पाणी थांबलेलं नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढली. ऐकायला किरकोळ. पण बांधाची उंची जुन्या उधाणाच्या मापाने ठरलेली आहे. मे 2021 मध्ये तौक्ते गोव्याजवळून गेलं तेव्हा वारा आणि पाऊस एकत्र आले. पुढचं वादळ पौर्णिमेच्या उधाणावरच आलं, तर?

[बांध. दोन हात चिखलात.]

बांधाचा खरा शत्रू मात्र वादळ नाही, कुर्ली आहे. तिच्या बिळातून आधी थेंब, मग धार, मग भगदाड. म्हणून ओहोटीला कुणीतरी बांधावरून चालत जायचं, पायाला भुसभुशीत लागलं की थांबायचं, चिखलाचा गोळा आणि मूठभर पेंढा आत कोंबायचा, टाचेने दाबायचा. पुढच्या भरतीपर्यंत सहा तास असतात.

[पाणी परत चढू लागतं. फळी हलते, मिटते.]